बायकोला एमएस निघालाय: इंजेक्शन, गोळी का सलाईन?

सेलूचा_पाव्हणा
१८ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आज गरज पडली म्हणून लिहितोय.

बायको, वय ३१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दिवाळीच्या आधी तिला उजव्या डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचं. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले नस सुजलीय. ते आपोआप कमी झालं, आम्हीही विसरलो. मग फेब्रुवारीत कमरेपासून खाली दोन्ही पाय बधिर. चप्पल निसटली तरी हिला पत्ता नाही. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि संभाजीनगरच्या न्यूरोलॉजिस्टांनी सांगितलं: मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, रिलॅप्सिंग-रेमिटिंग प्रकार (अटॅक येतो, मग ओसरतो). मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या सलाईनी दिल्या, त्यानं फरक पडला. आता चालते, शाळेत जाते, पण संध्याकाळपर्यंत पार गळून जाते.

पुढच्या उपचाराला डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितलेत. आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन, किंवा रोज दोन वेळा डायमिथाइल फ्युमरेटची गोळी, किंवा सहा महिन्यांनी एकदा रिटुक्सिमॅबची सलाईन. "घरी बोला, ठरवा आणि या" म्हणाले. आता घरी कुणाशी बोलू? घरात या आजाराचं नाव नीट घेता येणारी आम्ही दोघंच. मामेसासरे म्हणायलेत की हे लकव्यातलंच आहे, अमुक गावाला एका शनिवारी औषध पाजतात, तिकडं घेऊन चला.

कुणाच्या घरात हा आजार असेल तर सांगा. मराठवाड्यात राहून यातलं काय जमतं, काय नाही, तेही सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

गंगाखेडकर
१८ एप्रिल, रात्री १०:०५

वाचून वाईट वाटलं दादा. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतोय. शनिवारचं औषध मात्र राहू द्या. आमच्या आत्याला लकव्यासाठी पाजलं होतं, आत्या लकव्यातून उठली, पण जुलाबानं आडवी झाली.

---

निशिगंधा
१८ एप्रिल, रात्री ११:२०

पाव्हणं, मी स्वतः एमएसची पेशंट, संभाजीनगरला राहते. तुमच्या मिसेसचं वर्णन वाचताना माझीच फाईल वाचतेय असं वाटलं. माझं डोळ्याऐवजी मानेपासून सुरू झालं. मान खाली वाकवली की पाठीतून थेट पायापर्यंत करंट. मी घरात अर्थिंग तपासून घेतलं होतं!

आधी एक गोष्ट मामेसासऱ्यांना सांगा. हा लकवा नाही. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. म्हणून कधी डोळा, कधी पाय, कधी लघवीची तक्रार. अटॅक येतो, ओसरतो, पण प्रत्येक वेळी सगळं भरून येईलच असं नाही. म्हणून औषध आज बरं वाटतंय तेव्हाच सुरू करायचं असतं. हे घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड. "आता तर बरी आहेस की, मग एवढं भारी औषध कशाला?" हे मी सासरी, माहेरी, ऑफिसात, सगळीकडं ऐकलंय.

मी रिटुक्सिमॅबवर आहे. सकाळी दवाखान्यात जायचं, संध्याकाळी घरी. मधले सहा महिने औषधाची आठवणसुद्धा येत नाही. माझ्यासारख्या विसराळू बाईला हे बरं पडतं. तोटे उद्या लिहिते, आता बोटं दमली.

---

मज्जारज्जू
१९ एप्रिल, सकाळी ७:१५

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. तुमच्या पेशंटला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून न वाचता डॉक्टरांना काय विचारायचं त्याची तयारी म्हणून वाचा.

लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. सलाईनमधून दिलेलं स्टेरॉइड, साधारण रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, हे अटॅक लवकर ओसरावा म्हणून. त्यानं पुढचा अटॅक थांबत नाही. स्टेरॉइडनं भागलं नाही तर प्लाझ्मा एक्स्चेंज करतात, म्हणजे रक्तातला द्रव भाग बदलतात. दुसरी गोष्ट, पुढचे अटॅक टाळणारी औषधं, ज्याबद्दल तुम्ही विचारताय. तिसरी, त्रास कमी करणारी औषधं: ताठरपणाला बॅक्लोफेन, जळजळीला प्रीगॅबॅलिन, लघवीच्या घाईला वेगळी गोळी.

इंटरफेरॉन सगळ्यात जुनं, १९९३ पासून. अटॅक साधारण एक तृतीयांशानं कमी करतं. इंजेक्शननंतर ताप-अंगदुखी येते, पण इतक्या वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. डायमिथाइल फ्युमरेट २०१३ पासून, अटॅक जवळपास निम्म्यावर आणतं. सुरुवातीला चेहरा लाल होतो, पोट बिघडतं, म्हणून जेवणासोबत घ्यायची. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घटतात, म्हणून नियमित रक्ततपासणी.

रिटुक्सिमॅब मुळात लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) आणि संधिवाताचं औषध. एमएससाठी त्याला रीतसर मान्यता नाही, तरी जगभर वापरतात, स्वीडनमध्ये तर सर्रास. तिथं २०० रुग्णांवर रिटुक्सिमॅब आणि डायमिथाइल फ्युमरेट यांची थेट तुलना झाली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत अटॅक आलेले रिटुक्सिमॅबच्या गटात ३ टक्के, गोळीच्या गटात १६ टक्के. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी पहिल्यांदाच तीन औषधं घातली, त्यात हे आहे (उरलेली दोन ग्लॅटिरॅमर आणि क्लॅड्रिबिन). आपल्याकडं भारतीय कंपन्यांचं रिटुक्सिमॅब मिळत असल्यामुळे त्याच जातीच्या ऑक्रेलिझुमॅबपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं.

आणि हे नक्की विचारा: अॅक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन अँटीबॉडी तपासल्या का? डोळा आणि मज्जारज्जू दोन्ही धरणारा एनएमओ नावाचा वेगळा आजार आहे. इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड या एमएसच्या दुसऱ्या गोळीनं तो बिघडतो. आधी आजार पक्का, मग औषध.

---

सेलूचा_पाव्हणा
१९ एप्रिल, सकाळी ८:३०

डॉक्टर साहेब, खूप आभार. फाईल उघडून बसलोय. अॅक्वापोरिनचा रिपोर्ट दिसत नाही. आज फोन करतो.

---

पुणेकर_मूळ_बीड
१९ एप्रिल, सकाळी १०:४०

थोडा वेगळा सूर लावतो. माझा धाकटा भाऊ बऱ्याच वर्षांपासून इंटरफेरॉनवर आहे. नोकरी करतो, गाडी चालवतो, एमआरआय स्थिर. त्याच्या डॉक्टरांचं म्हणणं असं होतं की आधी सौम्य औषध द्या, पुरलं नाही तर वरची पायरी चढा. रिटुक्सिमॅबनं बी पेशी (प्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या पेशी) साफ होतात, संसर्गाचा धोका वाढतो. आपल्या भागात टीबी किती आहे, हे मी सांगायला नको. स्वीडनचे आकडे स्वीडनला ठीक.

---

मज्जारज्जू
१९ एप्रिल, दुपारी १:५५

@पुणेकर, मुद्दा रास्त आहे. म्हणूनच सुरू करण्याआधी हिपॅटायटिस-बी, टीबी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे आणि इम्युनोग्लोब्युलिनची (रक्तातल्या अँटीबॉडींची) पातळी बघतात. हिपॅटायटिस-बी सुप्त असेल आणि रिटुक्सिमॅब दिलं तर तो उसळून यकृत निकामी होऊ शकतं. ही तपासणी राहिली तर मी स्वतः सलाईन लावू देत नाही.

पण पायरी-पायरीनं चढण्यात एक अडचण आहे. "औषध पुरलं नाही" हे आपल्याला कळतं कसं? नवा अटॅक आल्यावर. तो मज्जारज्जूत आला आणि पाय गेला तर नंतरची पायरी तो पाय परत देत नाही. ज्यांना सुरुवातीलाच मणक्याच्या एमआरआयमध्ये आजाराचे डाग आहेत, दोन अटॅक जवळजवळ आलेत, त्यांना मी आधीपासून जोरकस औषध द्यायच्या मताचा आहे. तुमच्या भावाचा आजार सौम्य असेल, त्याचं चांगलं चाललंय, तर ते अजिबात बदलू नका. जगभरच्या न्यूरोलॉजिस्टांत हा वाद चालूच आहे, इथं मिटणार नाही.

---

काळीभोर_जमीन
१९ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

मी शेतकरी माणूस, अंबाजोगाईजवळचा. वाद वाचून माझ्या डोक्यात जे बसलं ते असं: स्टेरॉइड म्हणजे बोंडअळी दिसल्यावरची फवारणी आणि ही औषधं म्हणजे अळी येऊच नये म्हणून आधीची तयारी. चुकत असेल तर डॉक्टरांनी सांगावं.

माझ्या थोरल्या भावाला दुसरा प्रकार आहे, प्रायमरी प्रोग्रेसिव्ह. त्याला अटॅक-बिटॅक काही नाही, नुसती उतरती कळा. आधी पाय ओढायचा, मग काठी, आता व्हीलचेअर. पन्नाशी पार आहे. त्याच्यासाठी कुणी औषध सांगेल का?

---

मज्जारज्जू
१९ एप्रिल, रात्री ९:१०

फवारणीचं उदाहरण पेशंटला सांगायला चोरतोय.

भावाबद्दल: प्रायमरी प्रोग्रेसिव्हसाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध ऑक्रेलिझुमॅब, २०१७ मध्ये. ते वेग कमी करतं, थांबवत नाही, आणि तेही वय कमी असेल, आजार लवकरच्या टप्प्यात असेल, एमआरआयमध्ये दाह दिसत असेल तेव्हा जास्त. व्हीलचेअर आल्यावर त्यावर घर विकू नका, हे मी स्पष्टच सांगतो. त्यांच्यासाठी ताठरपणा, लघवी, बेडसोअर, गिळणं आणि मन या पाच गोष्टी सांभाळणं हाच उपचार, आणि तो महत्त्वाचा उपचार आहे. लघवी पूर्ण होत नसेल तर नळी कायमची लावण्यापेक्षा दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ कॅथेटरनं काढायला शिकवतात. घरचा माणूस ते शिकू शकतो.

---

काळीभोर_जमीन
१९ एप्रिल, रात्री ९:४०

घर नाही, एकर विकायचं चाललं होतं. बरं झालं विचारलं. कॅथेटरचं अंबाजोगाईच्या स्वाराती सरकारी रुग्णालयात विचारतो.

---

आयुर्प्रेमी
२० एप्रिल, सकाळी ६:५०

सगळे आधुनिक औषधांचेच ढोल वाजवायलेत. आयुर्वेदात याला वातव्याधी म्हणतात. पंचकर्म, बस्ती, अश्वगंधा, गुळवेल यांनी बरे झालेले लोक मी पाहिलेत. रोगप्रतिकारशक्ती वाढवली की आजार पळतो. साइड इफेक्ट शून्य.

---

निशिगंधा
२० एप्रिल, सकाळी ९:००

@आयुर्प्रेमी, दादा, इथं प्रतिकारशक्ती कमी पडल्यानं काही झालेलं नाही, ती भलतीकडं धावायलीय. ती आणखी वाढवून काय करू?

तेलमालीश मी पण करून घेते, छान वाटतं. पण पंचकर्मात वाफेची पेटी असते ना, ती आमच्यासारख्यांनी टाळायची. अंग तापलं की आमची लक्षणं उफाळतात. माझ्या मावशीच्या ओळखीच्या एक बाई वाफ घेऊन उठल्या आणि तिथंच बसल्या, पाय उचलेनात. थंड झाल्यावर उठल्या, पण केंद्रवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला म्हणे. आणि रिलॅप्सिंग आजार आपोआपही ओसरतो, त्यामुळे त्या वेळी जे चालू असतं त्याला श्रेय मिळतं. पाव्हण्यांच्या मिसेसचा डोळा काहीच न घेता बरा झाला, बघा वर.

---

मज्जारज्जू
२० एप्रिल, दुपारी २:३०

निशिगंधाताईंना अनुमोदन. एक भर: गुळवेलीनं यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, पण माझ्या टेबलावर प्रश्न वेगळा असतो. टेरिफ्लुनोमाइडसारखी एमएसची एखादी गोळी स्वतःच यकृतावर ताण देते. त्यात काढा आला तर एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) कशानं वाढलं ते मला कळत नाही आणि चालणारं औषध बंद करावं लागतं. काय घेता ते लपवू नका, एवढंच.

---

गंगाखेडकर
२० एप्रिल, दुपारी ३:१०

अंग तापलं की लक्षणं उफाळतात? मग परभणी जिल्ह्यात राहायचं कसं? आज पारा ४२ वर आहे. जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि मे महिन्यात परभणीत फक्त भट्टी.

---

निशिगंधा
२० एप्रिल, दुपारी ४:००

हसू नका, तोच खरा प्रश्न आहे. याला उथॉफ म्हणतात, १८९० मध्ये त्या नावाच्या जर्मन डोळ्याच्या डॉक्टरानं नोंदवलं. (घ्या, जर्मनी आलीच!) अंगाचं तापमान अर्ध्या डिग्रीनं वाढलं तरी माझ्या डोळ्यापुढं धुकं येतं. नवा डाग नसतो, जुनी दुखावलेली नस उष्णतेत संदेश नीट पोचवत नाही. अंग थंड झालं की परत दिसतं. नव्या पेशंटला वाटतं अटॅकच आला, आणि मग धावपळ.

माझे उन्हाळ्याचे नियम: कपडे धुणं, झाडलोट, व्यायाम सगळं सकाळी आठच्या आत. डोक्याला ओला पंचा. आंघोळ गार पाण्यानं. टेलरकडून सुती बंडीला आतून चार खिसे शिवून घेतले, त्यात फ्रिजरमधल्या जेलच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून ठेवते. विकतची कूलिंग जॅकेट मिळतात, पण बंडीचं काम दीडशे रुपयात झालं. कूलर एप्रिल-मेमध्ये झकास, पण पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि कूलर नुसता आवाज करतो. तेव्हा पंखा आणि ओला टॉवेल.

---

तिरकस
२० एप्रिल, दुपारी ४:२५

परभणीत मे महिन्यात निरोगी माणसालाही उथॉफ होतो, त्याला आम्ही "दुपारची झोप" म्हणतो. हलके घ्या.

---

ज्वारीची_भाकर
२० एप्रिल, संध्याकाळी ५:०५

अवांतर: कूलरला वाळ्याच्या ताट्या लावा, लाकडाच्या भुशापेक्षा गारवा जास्त टिकतो. जालन्यात कुठं चांगल्या मिळतात कुणी सांगेल का?

---

गंगाखेडकर
२० एप्रिल, संध्याकाळी ५:१२

@ज्वारीची_भाकर, तुमचं आयडी बघून आठवलं. एमएसवाल्यांनी ज्वारी-गहू बंद करावा असं कुठंतरी वाचलं. खरं का?

---

मज्जारज्जू
२० एप्रिल, रात्री ८:४५

भाकरी खा. एमएस बरा करणारा कुठलाही आहार सिद्ध झालेला नाही. ज्याचा खरा उपयोग आहे ते दोन: सिगरेट-विडी बंद (धूम्रपानानं आजार जोरात पुढं सरकतो) आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढणं. पण ड चे अवाढव्य डोस देऊन एमएस घालवतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. कॅल्शियम वाढून किडनी बिघडते. बी-१२ ही तपासा, शाकाहारी घरांत ते हमखास कमी निघतं आणि त्याच्या कमतरतेतही हातपाय बधिर होतात.

---

फिजिओ_नांदेड
२१ एप्रिल, सकाळी ११:३०

औषधांवर इतकं लिहिलं गेलं, व्यायामावर कुणीच नाही, म्हणून रागानं लिहितोय.

एमएसमध्ये विश्रांतीच विश्रांती हा जुना समज आहे. बेतानं केलेल्या व्यायामानं थकवा कमी होतो, वाढत नाही. पण पद्धत वेगळी. एका दमात अर्धा तास न करता दहा-दहा मिनिटांचे तुकडे, मध्ये बसायचं, पंख्याखाली. ताठरपणाला रोज ताण देणारे व्यायाम, तोल सांभाळायला भिंतीजवळ उभं राहून सराव. चालताना पंजा खाली लोंबत असेल तर पायाला हलकं प्लास्टिकचं स्प्लिंट बसवून देतात. ते चपलेत बसत नाही, बूट घ्यावा लागतो, आणि आमच्याकडच्या बायका बूट घालायला लाजतात. घाला. पडून खुबा मोडण्यापेक्षा बूट बरा.

शिक्षिका आहेत ना? फळ्यासमोर सलग उभं राहू नका. उंच स्टूल मागून घ्या. अवघड विषय सकाळच्या तासांना. स्वयंपाकही बसून. दिवसभराची ताकद वाटून खर्च करायची.

चालण्याचा वेग वाढवणारी फॅम्प्रिडिन नावाची गोळीही आहे, डॉक्टर सांगतीलच.

---

मज्जारज्जू
२१ एप्रिल, दुपारी २:००

फॅम्प्रिडिन काहींनाच लागू पडते, दोन-चार आठवड्यांत फरक दिसला तरच चालू ठेवायची. फिट येण्याचा इतिहास असेल तर अजिबात नाही. थकव्यासाठी अमँटाडिन, मोडाफिनिल देतात, पण २०२१ च्या एका चांगल्या चाचणीत ती औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. फिजिओंचं ऐका.

---

लातूरचा_बाळू
२१ एप्रिल, रात्री १०:१५

मला एका क्लिनिकमधून सारखे फोन येतात. स्टेम सेलचं इंजेक्शन देतो, एमएस मुळापासून जातो म्हणतात. बहिणीला आहे. हप्त्यानं पैसे भरा म्हणतात. करावं का?

---

मज्जारज्जू
२१ एप्रिल, रात्री १०:५०

नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एमएससारख्या आजारात स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. हप्ते मागतात यातच उत्तर आलं.

याच्याशी गल्लत होते ती खऱ्या प्रत्यारोपणाची. त्यात केमोथेरपीनं जुनी प्रतिकारशक्ती पुसून पेशंटच्याच रक्तातल्या मूळ पेशी (स्टेम सेल) परत देतात. ते मोठ्या केंद्रांत, तरुण पेशंटला, इतर औषधांना न जुमानणाऱ्या आक्रमक रिलॅप्सिंग आजारात करतात. परिणाम चांगला दिसतो, जोखीमही मोठी. ते फोनवर विकत नाही कुणी.

---

हिशेबी_माणूस
२२ एप्रिल, सकाळी १०:००

मी विमा विकतो, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. तरी सांगतो. कुणाच्या पत्नीनं किंवा भावानं आधीपासून क्रिटिकल इलनेस पॉलिसी घेतली असेल तर कपाटातून काढून वाचा. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या ठरलेल्या व्याख्यांमध्ये एमएस आहे, फक्त लक्षणं सलग सहा महिने टिकल्याचं न्यूरोलॉजिस्टनं लिहून द्यावं लागतं. लोकांना वाटतं त्यात कॅन्सर आणि हार्टच असतं. साध्या मेडिक्लेममध्ये सलाईन डे-केअर म्हणून बसते का ते ॲडमिट होण्याआधी लेखी विचारा.

महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेतून किती मिळेल ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारायचं, बाहेरच्या एजंटाला नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची शाखा पुण्यात आणि मुंबईत आहे, तिथंही नाव नोंदवा.

---

संवर्ग_एक
२२ एप्रिल, दुपारी १२:४०

पाव्हणं, मी पण जिल्हा परिषदेचा शिक्षक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले, त्यात मल्टिपल स्क्लेरॉसिस नावानिशी आहे. म्हणजे मॅडम युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करू शकतात. ऑनलाईन अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. ४० टक्के किंवा वर भरलं तर बदलीत संवर्ग एकचा, म्हणजे प्राधान्याच्या गटाचा लाभ, म्हणजे डोंगरातल्या शाळेवर फेकले जात नाही.

अडचण अशी की बोर्डापुढं माणूस चालत गेला की "तुम्हाला काय झालंय?" असं बघतात. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला असंच परत पाठवलं. थकवा आणि लघवीची तक्रार डोळ्याला दिसत नाही. म्हणून एमआरआयचे सगळे रिपोर्ट, न्यूरोलॉजिस्टचं सविस्तर पत्र, अटॅकच्या तारखा, डोळ्याच्या तपासणीचा कागद असा गठ्ठा न्या. वैद्यकीय बिलं सिव्हिल सर्जनकडून तपासून घ्यावी लागतात, त्यामुळे मूळ पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड एकाच फाईलीत. झेरॉक्स करताना मूळ कागद दुकानात विसरू नका.

---

अबोली२३
२२ एप्रिल, रात्री ९:३०

एक विषय राहिला, पुरुषमंडळी जास्त असल्यामुळे असेल. मूल.

मला लग्नानंतर वर्षभरात एमएस निघाला. सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच होता. एमएसनं गर्भधारणेत अडचण येत नाही. उलट शेवटच्या तिमाहीत अटॅक कमी होतात, बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने मात्र जपावे लागतात. माझी मुलगी आता अंगणवाडीत जाते. गरोदर राहीपर्यंत मी ग्लॅटिरॅमर घेत होते, छोटी सुई, पोटावर स्वतःच टोचायची. पहिल्यांदा हात थरथरला, नंतर सवय झाली. टेरिफ्लुनोमाइड घेत असाल तर आधीच ठरवून बंद करावं लागतं, शरीरातून काढायला वेगळं औषध देतात, कारण त्यानं गर्भाला धोका असतो. म्हणून पाव्हणं, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तो औषध निवडायच्या आधी डॉक्टरांपुढं बोला. लाजू नका.

---

निशिगंधा
२२ एप्रिल, रात्री १०:००

+१. आणि रिटुक्सिमॅबचे तोटे लिहिते म्हणाले होते, ते राहिलंच. पहिल्या सलाईनला घशात खवखव आणि अंगाला खाज सुटली, त्यांनी वेग कमी केला, थांबली. आधी पॅरासिटामॉल, अॅव्हिल (अॅलर्जीचं औषध) आणि स्टेरॉइड देतात त्यामुळे दिवसभर पेंगत होते. थंडीत छातीचा कफ लवकर जात नाही. लग्नाच्या हंगामात गर्दीत मास्क लावते, लोक अजून कोविड आहे का विचारतात.

---

सेलूचा_पाव्हणा
११ मे, रात्री ८:२०

मंडळी, उशीर झाला, माफी असावी. सगळे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. बंडीचं तिला फार आवडलं, सेलूतल्या टेलरला टाकलीय.

अॅक्वापोरिन आणि मॉग दोन्ही निगेटिव्ह. हिपॅटायटिस-बी, टीबीची रक्ततपासणी, एक्स-रे ठीक. डॉक्टरांना मुलाचं विचारलं. आम्हाला एक मुलगा आहे आणि दुसऱ्याची घाई नाही, निदान दोन वर्षं तरी. ते म्हणाले मग रिटुक्सिमॅब बरं, मणक्यात डाग आहेत म्हणून. न्यूमोनियाची लस आधी घेतली, सलाईन जूनच्या शेवटी, म्हणजे लस लागू पडायला वेळ मिळेल. पुणेकर दादांचा टीबीचा मुद्दा मी त्यांच्यापुढं तसाच मांडला, ते म्हणाले खोकला-ताप लांबला तर घरी बसू नका, सरळ फोन करा.

मामेसासऱ्यांना मी काही बोललो नाही. बायकोनंच सांगितलं, "मामा, शनिवारी माझी शाळा असते."

एक विचारायचं आहे. बाळाचा विचार केला तर रिटुक्सिमॅबनंतर किती थांबायचं?

---

मज्जारज्जू
११ मे, रात्री ९:३५

माहितीपत्रकात शेवटच्या डोसनंतर १२ महिने लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात बरेच न्यूरोलॉजिस्ट त्याहून कमी अंतर ठेवून नियोजन करतात, कारण औषधाचा परिणाम त्यापुढंही टिकतो. तेव्हाचे तिचे एमआरआय बघून ठरवतील. तोवर गर्भनिरोधन नीट हवं. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र आता घ्यायच्या नाहीत.

---

तिरकस
११ मे, रात्री ९:५०

"शनिवारी माझी शाळा असते" हे वाक्य आमच्या घरी फ्रेम करून लावणार.

---

निशिगंधा
११ मे, रात्री १०:१०

छान झालं पाव्हणं. सलाईनच्या दिवशी शाल न्या, एसीत थंडी वाजते. पुढं उघडणारा, सैल बाह्यांचा कुर्ता घालायला सांगा. आदल्या दिवशी पाणी भरपूर, नस पटकन सापडते. आणि सकाळची बीपीची गोळी असेल तर घ्यायची का ते विचारून ठेवा, सलाईन चालू असताना बीपी खाली येतं.

---

संवर्ग_एक
१२ मे, सकाळी ७:४०

युडीआयडीचा अर्ज केला का? केला नसेल तर सुट्ट्या संपायच्या आत करा, शाळा सुरू झाल्यावर रजा मिळत नाही. कार्ड हातात आलं की इलेक्शन ड्युटीतून नाव वगळायचा अर्ज पहिला. तहसीलला दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोच घ्यायची.

---

सेलूचा_पाव्हणा
१२ मे, सकाळी ८:०५

केला सर, तारीख २७ मिळालीय. गठ्ठा बांधून ठेवलाय, झेरॉक्स बाकी आहे.